चष्म्यावरून दुर्बीण

"लई भारी दिसतंय, आण्णा," असं सुभद्राबाई भर कार्यक्रमात म्हणाल्या, तेव्हा त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. काळ्याभोर अंधाराच्या मधोमध बटणाएवढा उजेड हलत होता. त्या उजेडात कधी झाडाचा शेंडा यायचा, कधी मंडपाची झालर, आणि नीट बघेपर्यंत पळून जायचं. पण अंगावर शाल होती, ओटीत नारळ होता, समोर सगळं पिंपळदरा बसलं होतं आणि शेजारी दुर्बीण देणारे विठ्ठलराव हसऱ्या तोंडानं उभे होते. अशा वेळी बाईमाणूस दुसरं काय म्हणणार?

विठ्ठलराव म्हणजे गावचे जुने सरपंच. आता खुर्ची नाही, पण शब्दाला वजन आहे. लहानथोर सगळे त्यांना आण्णाच म्हणतात. दुर्बीण त्यांनी स्वतःच्या खिशातून आणलेली, थेट बीडहून. दुकानात आठ पटीची होती, दहाची होती आणि विसाचीही होती. आण्णांनी विसाची उचलली. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर मिळत असताना तीनची कोण बसवतं? तोच विचार. "आमच्या पाखरं मोजणाऱ्या बाईला हलकी वस्तू द्यायची न्हाई," असं ते माईकवर म्हणाले, तेव्हा टाळ्या पडल्या.

हे 'पाखरं मोजणारी बाई' प्रकरण सुरू झालं ते उसाच्या फडातून.

चौसाळ्याहून आत डोंगराकडे गेलं की पिंपळदरा लागतं. जमीन मुरमाड, पाऊस आला तर आला. सुभद्राबाई लग्न होऊन आल्या त्याच वर्षी दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला गेल्या आणि त्यानंतर बावीस हंगाम जात राहिल्या. तिकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत 'गहिनीनाथ नागरगोजे, कोयता एक' एवढंच लिहिलेलं असे. त्या एका कोयत्यात सुभद्राबाई होत्या, पण वहीत नव्हत्या. याचं त्यांना तेव्हा काही वाटलं नाही. सगळ्याच बायांचं तसं होतं.

गहिनीनाथ तोडायचे आणि सुभद्राबाई मागून ऊस गोळा करून मोळी बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या. तोडलेल्या पट्ट्याकडे एकदा नजर टाकली की किती मोळ्या निघणार ते त्या सांगायच्या. "अकरा." म्हणजे अकराच. दहा नाही, बारा नाही. मुकादम गंमत म्हणून मोजून बघायचा आणि मान हलवायचा.

असाच एक हंगाम सांगलीकडच्या फडात चालू असताना मोळी उचलताना उसाचं पान उजव्या डोळ्यात सर्रकन गेलं. उसाचं पान म्हणजे करवतीचं पातंच. सुभद्राबाईंनी पदराचं टोक ओलं करून डोळ्यावर धरलं आणि संध्याकाळपर्यंत मोळ्या वाहिल्या. चौथ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला तेव्हा डॉक्टर गाठला. डोळा वाचला, पण बुबुळावर बारीक पांढरं फूल राहिलं. तेव्हापासून त्यांना दिव्याला शेपूट दिसायची आणि लांबच्या माणसाला सावली चिकटल्यासारखी दिसायची. वय झालं की असंच दिसत असेल, असं म्हणून त्यांनी दहा वर्षं काढली.

ते पकडलं सुनेनं. मुलाचं, प्रविणचं, लग्न झालं आणि रोहिणी घरात आली. बी.एस्सी. झालेली, शांत, बोलण्याआधी चार दिवस बघत राहणारी. सासूबाई तांदूळ निवडताना मान डावीकडे कलती करतात, सुई डाव्या डोळ्यासमोर धरतात, हे तिनं बघितलं आणि एक दिवस त्यांना अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नंबर साधा नाही, सिलिंडरचा आहे. डोळ्याची गोलाई बिघडलीय. चष्मा काढायचा नाही." चष्मा लावून सुभद्राबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या आणि समोरच्या लिंबाकडे बघत उभ्या राहिल्या. "पानं सुटी सुटी दिसायलीत गं," म्हणाल्या.

मग ऊसतोड सुटली. प्रविण चाकणला टेम्पो चालवायला लागला, घरी चार शेळ्या झाल्या आणि सुभद्राबाईंचा दिवस गावच्या तलावाच्या काठाला जायला लागला. थंडीत त्या तलावावर लांबून पाखरं येतात. सगळ्यात जास्त चांदवे, काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा असलेले. त्यांच्यात बदकं, टिटव्या, शेकाटे.

सहा वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या एका कॉलेजातल्या धनश्री मॅडम मुलामुलींना घेऊन हिवाळ्यातली पक्षीगणना करायला आल्या होत्या. बांधावर बसून त्यांच्यात वाद चाललेला, कुणी म्हणे शंभर, कुणी म्हणे दीडशे. शेळ्या हाकत जाणाऱ्या सुभद्राबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सव्वाशे हायती."

"कशावरून, मावशी?"

"सा मोळ्या झाल्या. वर पाच."

मॅडमनी त्यांना खाली बसवून घेतलं. सुभद्राबाईंनी सांगितलं, पाखरं एक एक मोजत बसलं तर ती हलतात, चुकतं. वीस पाखरांची एक मोळी डोळ्यात बांधायची आणि ती मोळी थव्यावर पुढे पुढे टाकत जायची. थवा संपेपर्यंत किती मोळ्या पडल्या तेवढ्या गुणिले वीस. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मावशी, पुस्तकात हेच लिहिलंय. आमच्या पोरांना शिकायला वर्ष जातं."

पुढच्या हिवाळ्यापासून त्या तलावाचा तक्ता सुभद्राबाईंच्या नावानं यायला लागला. वरच छापलेलं असे, 'गणक', आणि त्यापुढे मॅडमच्या अक्षरात 'सुभद्राबाई नागरगोजे'. पहिल्या वर्षी रोहिणीनं ते वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "खाली यांचं नाव न्हाई का कुटं?"

"नाही, आत्या. तुमचंच आहे."

त्या हिवाळ्यात त्या रोहिणीकडून सही शिकल्या.

चार वर्षं आकडा बिनचूक गेला. मग गाळ काढायच्या योजनेत तलाव खोल आणि रुंद झाला, पाणी लांबवर पसरलं, पाखरं पलीकडच्या काठाला बाभळींखाली बसायला लागली. नुसत्या चष्म्यानं तिथवर नजर पोचेना. गावात ही गोष्ट निघाली आणि म्हणूनच आण्णांनी सत्कार ठेवला, दुर्बीण दिली.

आणि त्याच दुर्बिणीनं सुभद्राबाईंचा घात केला.

गेल्या वर्षीच्या गणनेला आण्णा स्वतः बांधावर आले होते, बरोबर चार माणसं. दुर्बीण गळ्यात असताना नुसत्या डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. सुभद्राबाईंनी ती डोळ्याला लावली. चष्म्यावर टेकवली तर तो काळा अंधार आणि मधलं बटण. चष्मा कपाळावर सारून लावली तर गोल मोठा झाला, पण त्यातलं प्रत्येक पाखरू धुरकट आणि सावली चिकटलेलं. मधलं चाक कितीही फिरवलं तरी सावली जाईना. मोळी बांधायला वीस पाखरं एकदम दिसायला हवीत. त्या बटणात पाचसहा मावायची, तीही हात हलला की पळायची. कुठली मोजली, कुठली राहिली, काही कळेना. मागून आण्णांनी विचारलं, "दिसतंय नव्हं?"

"दिसतंय की."

शेवटी अंदाजानं मोळ्या टाकल्या आणि सांगितलं, दोनशे तीस.

धनश्री मॅडमनी त्याच वेळी फोटो काढला होता. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. फोटोतल्या पाखरांवर एकेक टिंब देऊन मोजलं तर तीनशे अठ्ठ्याऐंशी भरली. मॅडम रागावल्या नाहीत, त्यानंच सुभद्राबाईंना जास्त लागलं. "मावशी, हे आकडे पुढे जातात, दरवर्षीचे ताडून बघतात. एका वर्षी चुकलं तर चालेल. पुढच्या वर्षीही जुळलं नाही तर हा तलाव मला बीडच्या गटाकडे द्यावा लागेल."

"बरूबर हाय," सुभद्राबाई म्हणाल्या आणि फोन रोहिणीच्या हातात दिला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुर्बिणीत खोट असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. विसाची दुर्बीण, बीडहून आणलेली, आण्णांनी दिलेली. खोट असली तर ती आपल्या फुटक्या डोळ्यातच असणार. शेळ्या चारायला जाताना त्या ती पदराखाली नेत आणि कुणी नसताना पुन्हा पुन्हा लावून बघत. दाबून लावली तर दिसेल, वाकडी धरली तर दिसेल.

दिवाळीच्या आधी रोहिणी ओट्यावर बसून सासूबाईंचा चष्मा साबणानं धूत होती. धुऊन उन्हात धरला आणि तशीच धरून राहिली.

"आत्या, हे काचेवर गोल कशाचं उमटलंय?"

"कसलं गोल?"

"दोन्ही काचांवर. वाटी घासल्यासारखं. एका दिवसाचं नाही हे."

सुभद्राबाई शेंगा फोडत होत्या. हात थांबला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, काळा अंधार, बटण, सत्काराच्या दिवशीचं खोटं, दोनशे तीस, सगळं. आतून गहिनीनाथ बाहेर आले. ते दारामागे उभे राहून ऐकत होते.

"म्हंजी साल झालं तू नुसती गळ्यात बांधून हिंडायलीस व्हय? मला वाटलं, आमची बाई लई मोठी सायेब झाली."

"तुमी गप बसा. आण्णाला सांगताल कुटं."

"मी कावून सांगू? शाल तू घेतलीस, नारळ बी तूच खाल्लास."

रोहिणीनं दुर्बीण मागून घेतली. स्वतःच्या डोळ्याला लावली, तिला चष्मा नाही, समोरच्या डोंगरावरची शेळी गोलात भरून दिसली. हात हलला की तीही हलत होती, पण दिसत होती. मग तिनं सासूबाईंचा चष्मा नाकावर ठेवला आणि पुन्हा लावली. काळा अंधार. मधोमध बटण.

"आत्या, हा तुमच्या डोळ्याचा दोष नाही. मलाही तसंच दिसलं."

सुभद्राबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या.

त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की रोहिणी मोबाइल घेऊन बसायची. तिला एकदम काही पटत नसे. चार ठिकाणी वाचून, ताडून बघून मगच ती तोंड उघडायची. आठ दिवसांनी तिनं सासूबाईंना परसदारी नेलं. दाराच्या फळीला एक भोक होतं.

"याला डोळा चिकटवा. काय दिसतंय?"

"गोठा. शेळ्या. चुलत्याची भिंत."

"आता एक वीत मागं या."

"नुसतं खुट्याचं टोक दिसतंय."

"तसंच आहे ते. दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून डोळा ठराविक अंतरावर असला तरच सगळा गोल दिसतो. त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. आण्णांच्या दुर्बिणीच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, नऊ मिलिमीटर. आणि तुमच्या डोळ्यापासून चष्म्याची काचच मी पट्टीनं मोजली, तेरा भरली. म्हणजे तुमचा डोळा त्या जागेपर्यंत कधी पोचणारच नाही, कितीही दाबा. रबराच्या वाट्या दुमडून बघितल्या, तरी पुरत नाही."

"मग चष्मा काढून?"

"चष्मा काढून साध्या नंबरवाल्याला चालतं. मधलं चाक फिरवलं की साधा नंबर भरून निघतो. सिलिंडर नाही निघत. डॉक्टर म्हणालेच होते, चष्मा काढायचा नाही."

सुभद्राबाई पुन्हा एकदा भोकाला डोळा लावून आल्या. "म्हंजी विसाची आसून बी उपेग न्हाई."

"पट जितकी जास्त, तितकं हे अंतर बहुतेक कमीच असतं. आणि दिसणारा मुलूखही लहान होतो. तुमची मोळी त्यात मावणारच नव्हती."

हे शेवटचं सुभद्राबाईंना सगळ्यात नीट कळलं.

दिवाळीला बोकड विकला होता. मांजरसुंब्याला एस.टी. बदलून सासूसुना अंबाजोगाईला गेल्या. तिथं सोमेश्वर नावाच्या माणसाचं दुकान होतं. पुढे चष्मे, भिंतीला घड्याळं, आतल्या कपाटात दुर्बिणी. रोहिणीनं मोबाइलवर बघून एक मनात धरली होती. आठ पटीची, आणि आय रिलीफ चक्क अठरा मिलिमीटर. तीच तिनं मागितली.

"आठची?" सोमेश्वर म्हणाला. "ताई, विसाची आहे की माझ्याकडे. थोड्याशा फरकात."

"विसाची हाय आमच्याकडं," सुभद्राबाई म्हणाल्या. "शालीसंगं मिळालीय."

सोमेश्वरला काही कळलं नाही, पण त्यानं आठची काढून दिली. रोहिणीनं रबराच्या वाट्या दुमडल्या. सुभद्राबाईंनी चष्म्यावरून दुर्बीण लावली आणि दारातून रस्त्याकडे धरली. सत्काराच्या दिवशीचं खोटं आठवून की काय, त्यांनी या वेळी खरं सांगितलं.

"पैल्यापरीस मोटं दिसतंय. पन कडंला काळं हायच."

"असं कसं, मावशी?" सोमेश्वरनं खोकं फिरवून दाखवलं. "हे बघा, कंपनीनं छापलंय, अठरा. चष्म्यासाठी उत्तम, असंही लिहिलंय. कंपनी खोटं लिहील का?"

रोहिणीचं तोंड उतरलं. आठ दिवसांचं वाचलेलं या अठरावर उभं होतं. तिनं दुर्बीण उलटसुलट करून बघितली. मागचं भिंग वाटीच्या तळाला, बरंच आत होतं. मग तिला वाचलेलं एक आठवलं.

"दादा, एक पट्टी आहे का? आणि एक कोरा कागद."

सोमेश्वरनं बिलबुकाचं पाठचं पान फाडून दिलं. रोहिणीनं दुर्बिणीचं पुढचं तोंड रस्त्यावरच्या उजेडाकडे केलं आणि मागच्या बाजूला कागद धरला. कागदावर उजेडाचा एक छोटा गोल पडला. कागद मागेपुढे केला की गोल पसरायचा, मग आखडायचा. एका जागी तो अगदी नेमका, कडा कापल्यासारखा झाला.

"ज्वारीचा दाना," सुभद्राबाई वाकून म्हणाल्या.

"डोळा या दाण्यावर असायला हवा. आत्या, असाच कागद धरा, हलवू नका." तिनं वाटीच्या काठापासून कागदापर्यंत पट्टी लावली. "तेरा."

"तेरा?" सोमेश्वर काउंटरवरून पुढे झुकला.

"अठरा त्यांनी भिंगापासून मोजलेत. खोटं नाही लिहिलेलं. पण भिंग पाच मिलिमीटर आत आहे. आत्यांचा चष्मा भिंगाला टेकत नाही, वाटीच्या काठाला टेकतो. तिथून तेराच उरतात. काचेची जाडी धरून त्यांना पंधरा तरी लागतात."

बारा वर्षं सोमेश्वर खोकी विकत होता, खोक्यावरचं वाचून दाखवत होता. त्यानं पट्टी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः मोजली. तेरा. मग कपाटातली सगळी खोकी उतरवून काउंटरवर मांडली आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला "जरा थांबा, मोजतोय" म्हणून बसवून ठेवलं. विसाची दुर्बीण धरली तेव्हा कागदावर बाजरीच्या दाण्याएवढा उजेड पडला आणि तोही वाटीला चिकटून.

शेवटून दुसऱ्या खोक्यावर, तेही आठ पटीचंच, सतरा छापलं होतं, म्हणजे अठरापेक्षा कमी. त्या दुर्बिणीची भिंगं जवळजवळ काठालाच होती. काठापासून मोजलं तर साडेपंधरा.

सुभद्राबाईंनी ती चष्म्यावरून लावली. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर पारवे बसले होते. रोहिणी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला 'लई भारी' ऐकायचं नव्हतं.

"दोन मोळ्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "वर तीन."

रोहिणीनं बोट नाचवत मोजायला सुरुवात केली. तिचं मोजून होईपर्यंत पारवे उडाले.

दुर्बिणीचं झालं, पण आण्णांचं राहिलंच होतं. जानेवारीतला गणनेचा रविवार जवळ आला तशी सुभद्राबाईंची झोप उडाली. दिलेली वस्तू खुंटीला टांगून दुसरी गळ्यात घालायची, तीही आण्णांच्या देखत, चार माणसांसमोर. गहिनीनाथांनी तोड काढली. "दोनी बी गळ्यात घाल. आण्णा आला की ती, पाठ वळली की ही."

"आन् मधीच वळला म्हंजी?"

"म्हंजी एक एका डोळ्याला."

रोहिणी हसली. सुभद्राबाई हसल्या नाहीत.

रविवारी उजाडता त्या बांधावर पोचल्या. पाण्यावर वाफ होती. धनश्री मॅडम तिपाईवर कॅमेरा लावत होत्या. गहिनीनाथ जुनी दुर्बीण घेऊन मागून आले, आणि थोड्या वेळानं आण्णांची मोटरसायकल. आण्णांनी स्वेटरवरून मफलर गुंडाळलेला, डोळ्याला सोनेरी काडीचा चष्मा. त्यांनी सुभद्राबाईंच्या गळ्याकडे बघितलं, मग गहिनीनाथांच्या हाताकडे.

"ही कंची? आपली कुटं गेली?"

बरोबरची दोन माणसं पुढे सरकली. सुभद्राबाईंनी पदर सारखा केला.

"आण्णा, तुमच्या दुर्बिणीतून मला कवाच काई दिसलं न्हाई. माझा चष्मा तिला चालत न्हाई. गेल्या साली मी अंदाजानं सांगितलं आन् दीडशे पाखरं बुडवली. ह्या वक्ताला चुकलं तर तलाव जातुया माझ्याकडून."

"मग त्या दिशी भारी दिसतंय म्हनलीस ते?"

"शाल अंगावर हुती, आण्णा."

आण्णांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला आणि जाऊन दगडावर बसले. "मोज," एवढंच म्हणाले.

सुभद्राबाईंनी दुर्बीण चष्म्यावर टेकवली. पलीकडचा काठ आला, बाभळी आल्या, पाणी आलं, आणि काळ्या चांदव्यांचा थवा या कडेपासून त्या कडेपर्यंत. कपाळावरचा टिळासुद्धा दिसत होता. त्यांनी डावीकडच्या टोकाला वीस पाखरांची मोळी बांधली आणि टाकत निघाल्या. एक मोळी टाकली की बोटानं बांधावर एक खडा सरकवायच्या. गहिनीनाथ जरा पुढे सरकून बांधाच्या दगडी भिंतीवर जुनी दुर्बीण टेकवून बसले होते. त्यांना चष्मा नाही, आणि टेकवल्यावर हात हलायचा प्रश्नच नव्हता.

"एकवीस मोळ्या," सुभद्राबाई शेवटी म्हणाल्या. "वर सात. चारशे सत्तावीस."

"आन् बाभळीच्या बुडाखाली चार तांबडी हायती," गहिनीनाथ दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले. "पल्याड, सावलीला. तुझ्या आठाच्या दुर्बिणीत न्हाई यायची."

सुभद्राबाईंनी बघितलं. मॅडमनीही बघितलं. चक्रवाकाच्या दोन जोड्या होत्या, नारिंगी, सावलीत बसलेल्या. मॅडमनी तक्त्यात त्यांची वेगळी नोंद केली.

मग मॅडम फोटो उघडून एकेका पाखरावर टिंब देत बसल्या. त्याला पाऊण तास लागला. रोहिणीनं सगळ्यांना चहा दिला. सुभद्राबाईंनी कप हातात धरला होता, पण प्यायल्या नाहीत. वर साय आली. आण्णा उठून जवळ आले आणि हात पुढे केला. "बघू तुजी."

त्यांनी ती सोनेरी चष्म्यावरून लावली. बराच वेळ लावली. एकदा उजवीकडे नेली, एकदा डावीकडे.

"दुकानात त्या विसाच्या दुर्बिणीतनं मला बी काळंच दिसलतं," ते दुर्बीण न काढता म्हणाले. "मला वाटलं, पाखरावर धरली म्हंजी दिसत आसंल."

गहिनीनाथांना ठसका लागला. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. आण्णा स्वतःच आधी हसले.

"चारशे तेहतीस," मॅडम म्हणाल्या. सगळे वळले. "फोटोत चारशे तेहतीस, मावशींचे चारशे सत्तावीस. एवढ्या थव्यात सहाचा फरक मी फरक धरत नाही. तलाव इथंच राहील."

सुभद्राबाईंनी गार झालेला चहा एका दमात संपवला.

मॅडमनी तक्ता गुडघ्यावर घेतला. गणकाच्या पुढे नाव लिहिलं. त्याखाली आणखी एक रकाना होता, तो इतकी वर्षं रिकामाच जायचा. "मावशी, ते चार चक्रवाक तुम्हाला दिसले नव्हते. सहायक म्हणून कुणाचं नाव लिहू?"

सुभद्राबाईंनी भिंतीवर कोपर टेकून बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"लिवा. गहिनीनाथ नागरगोजे."

त्यांनी आपली सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत. मग पेन गहिनीनाथांकडे दिलं. सही करून झाल्यावर त्यांनी तक्ता रोहिणीपुढे धरला.

"वाच बरं."

रोहिणीनं वाचलं. आधी आत्यांचं, मग मामांचं.

"वरचं कुनाचं म्हनलीस?"

"आत्यांचं, मामा."

"आन् माझं?"

"खाली."

"हां," गहिनीनाथ म्हणाले आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.